कापला तरच टोपलीचा: कॅश क्रीकच्या काठावरचा वाळुंज

वाळुंजाचं बेट चांगलं आलंय की नाही, हे कोण बघतंय त्यावर ठरतं. नदीकाठाच्या पुनर्वसनाचं काम पाहणारा माणूस लावलेली किती जगली, किती उंच झाली, जमिनीवर सावली किती धरली, एवढं मोजतो आणि कागदावर यशस्वी असा शेरा मारतो. टोपल्या विणणारी बाई त्याच बेटात शिरते, चार-दोन फांद्या वाकवून बघते, नखाने साल खरवडते आणि रिकाम्या हाताने बाहेर येते. झाडं उभी आहेत, पण विणायला काडी नाही. हे दोन निकाल एकाच बेटाचे आहेत, आणि ते जुळवायचे तर वर्षभरात काय-काय करावं लागतं, याचा हा अभ्यास.

जागा उत्तर कॅलिफोर्नियातली. कॅश क्रीक ही नदी क्लिअर लेक सरोवरातून निघते, कॅपे खोऱ्यातून उतरते आणि योलो काउंटीतल्या वुडलँड गावाजवळून पुढे सॅक्रामेंटो नदीच्या पूरपट्ट्यात जाते. इथले मूळनिवासी म्हणजे खालच्या अंगाला पॅटविन भाषा बोलणारे विंटुन लोक, वरच्या अंगाला पोमो. कॅपे खोऱ्यात आज योचा देहे विंटुन नेशनची वस्ती आहे. या नदीच्या काठाने टोपलीची कला फार उंचीवर नेली. मेबल मॅके (१९०७–१९९३) ही कॅश क्रीक पोमो विणकर याच मातीतली. पोमो टोपलीत वाळुंजाची काडी म्हणजे टोपलीचा सांगाडा. वेटोळ्याच्या विणीत एक किंवा तीन काड्यांचा गाभा गोल फिरत वर चढतो आणि लव्हाळ्याच्या मुळाची पांढरी पट्टी त्याला घट्ट बांधत जाते. तांबड्या नक्षीसाठी रेडबड नावाच्या झुडपाच्या फांदीची साल लागते. उभ्या काड्यांच्या विणीतही उभी काडी वाळुंजाचीच. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा वाळुंज याच कुळातला, पण जात वेगळी. कॅश क्रीकवर कामाचा आहे तो वाळूच्या पुळणीवर वाढणारा, अरुंद रुपेरी पानांचा वाळुंज. त्याला तिथले विणकर राखी वाळुंज म्हणतात. या लेखात नुसतं वाळुंज म्हटलं की तोच समजावा.

विसाव्या शतकात या नदीचं फार हाल झालं. १९१४मध्ये कॅपे गावाजवळ बंधारा झाला आणि उन्हाळ्यातलं पाणी कालव्यांत वळलं. बंधाऱ्याखालचं पात्र उन्हाळ्यात जागोजागी कोरडं पडू लागलं. मग पात्रातून खडी आणि वाळूचा उपसा सुरू झाला, तो अनेक दशकं चालला. पात्राचा तळ कित्येक फूट खाली गेला, त्याच्याबरोबर भूजलही खाली गेलं आणि काठावरच्या मुळांना पाणी पोहोचेना. १९९६मध्ये काउंटीने आराखडा करून पात्रातला व्यापारी उपसा थांबवला. मागे राहिलेल्या खाणीपैकी एका जागी कॅश क्रीक नेचर प्रिझर्व्ह उभं राहिलं, सुमारे १३० एकरांचं. त्यात २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुमारे दोन एकरांवर टेंडिंग अँड गॅदरिंग गार्डन आखलं गेलं. मूळनिवासी विणकर, संवर्धनाचं काम करणारे आणि जवळच्या डेव्हिस विद्यापीठातली माणसं यांनी मिळून. इथे वाळुंज, लव्हाळा, डिअरग्रास, रेडबड, दोरीसाठी लागणारं डॉगबेन, एल्डरबेरी अशी विणकराच्या आणि घरच्या उपयोगाची झाडं मुद्दाम लावली आहेत. नावातच जोपासना आधी आहे आणि गोळा करणं नंतर. ही बाब साधी वाटते, पण सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं.

एक काडी, जवळून

टोपलीला चालणारी काडी हातात घ्या. ती एकाच हंगामात जमिनीतून वर आलेली असते, बुडाशी पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक, शेंड्याकडे हळूहळू निमुळती होत गेलेली. बाजूला एकही फांदी नाही. डोळे लहान आणि सालीला चिकटून बसलेले. आडवी कापली तर मधला मऊ गर टाचणीच्या डोक्याएवढा, भोवती पांढरं घट्ट लाकूड. मनगटाभोवती वळवली तर वळते, कडकत नाही.

आता शेजारच्या न कापलेल्या झाडाची काडी घ्या. दोन-तीन वर्षांची. दर वीतभर अंतराला फांदी फुटलेली, आणि फांदी तोडली की तिथे गाठ राहते. विणताना नेमकी तिथेच मोडते. मध्येच एखादी जागा ज्वारीच्या कणसाच्या बुडखासारखी फुगलेली. ती चिरली तर आत नारिंगी अळी. हे वाळुंजावर जगणाऱ्या एका चिलटासारख्या माशीचं काम. ती कोवळ्या फुटव्यात अंडं घालते, भोवती लाकूड सुजतं आणि अळी हिवाळा त्याच सुजेत काढते. शेंड्याला कीड लागली किंवा हरणाने शेंडा खाल्ला की खालचे डोळे जागे होतात आणि सरळ काडीची झुडूप-काडी होते. म्हातारं बेट जितकं जास्त दिवस न कापता राहील तितकी वाळकी फांदी वाढते आणि तितक्याच गाठी साठतात.

उसाचा खोडवा राखणाऱ्या किंवा द्राक्षाची खरड छाटणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. बुडातून कापलं की मुळात साठलेलं अन्न एकदम थोड्या डोळ्यांना मिळतं आणि फुटवा सुसाट सरळ वर जातो. वाळुंजाचं तसंच आहे. शिवाय हा वाळुंज मुळांतूनही नवे कोंब काढतो. पुळणीवरचं पंचवीस-तीस फुटांचं बेट बरेचदा एकाच झाडाचं असतं.

नदीची खोड मोडली नव्हती तेव्हा पूर येऊन बेटं मोडून जायची, रेतीत पुरली जायची, पुन्हा फुटायची. झाडं कुरतडणारे बीव्हर प्राणी कापायचे. आणि माणसं कापायची, जाळायची. धरण-बंधाऱ्यांनी पूर आवरला, १८५०च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात गवताळ जमिनीला आग लावणं हा दंडाचा गुन्हा ठरला, आणि जमिनी खासगी झाल्या म्हणून विणकरांना काठावर पाय ठेवता येईना. तीनही हात एकदम थांबले. काठावर वाळुंज उरला तिथेही टोपलीचा वाळुंज संपत गेला तो असा. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक नदीकाठचं जंगल गेलं हे सगळे सांगतात. उरलेल्यातलं किती वापरण्याजोगं राहिलं, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो.

काड्यांची गरज किती असते याची कल्पना नसली तर हे सगळं हौसेचं वाटेल. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याच्या मूळनिवासींमध्ये बाळाच्या एका पाळण्याला सावरबेरी नावाच्या झुडपाच्या ५०० ते ६७५ सरळ काड्या लागत, आणि त्या आधी जाळलेल्या किंवा छाटलेल्या सहा वेगवेगळ्या जागांवरून आणाव्या लागत. झुडूप वेगळं, हिशेब तोच. रानात आपोआप वाढलेल्या झाडीतून एवढ्या काड्या मिळत नाहीत. त्या आधीच्या वर्षी कोणीतरी तयार करून ठेवाव्या लागतात.

लावणी

पुनर्वसनाच्या कामात वाळुंज स्वस्त म्हणून आवडता. खुंटी जमिनीत रोवली की फुटते, असं म्हणतात. फुटते खरं, पण ऑगस्ट निघाला तर.

खुंट्या डिसेंबर ते फेब्रुवारीत, पानं नसताना काढायच्या. त्या वेळी जात ओळखणं अवघड. अरुंद पान दिसत नसतं आणि शेजारी गुडिंगचा काळा वाळुंज आणि रुंद पानांचा अरोयो वाळुंज मिसळून वाढलेले असतात. गुडिंगचा मोठा वृक्ष होतो, पक्ष्यांना उत्तम, पण त्याच्या डहाळ्या ठिसूळ. चुकून त्याच्या शंभर खुंट्या लागल्या तर चूक पुढच्या मे महिन्यात कळते. म्हणून आधीच्या उन्हाळ्यातच निवडलेल्या बेटांना रंगीत फिती बांधून ठेवाव्यात. निवडताना विणकर सोबत असावी. कोणत्या बेटाची काडी लवचीक आणि कोणत्याची नाही, हे तिला वळवून कळतं.

इथे एक ओढाताण आहे. सगळ्या खुंट्या एकाच सरळ बेटातून घेतल्या तर काडी एकसारखी मिळेल, पण ते सगळं एकच झाड असेल. वाळुंजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे एका बेटावरून लावलेल्या काठावर बी धरणारच नाही, आणि एखादा रोग सगळ्यांना एकदम झोपवेल. त्याच नदीच्या खोऱ्यातल्या, एकमेकांपासून लांब असलेल्या आठ-दहा बेटांतून घ्यावं. त्यातल्या निम्म्या विणकराच्या पसंतीच्या असल्या तरी पुरे.

खुंटी अंगठ्याएवढी जाड, एक ते तीन वर्षांच्या लाकडाची, दोन-तीन फूट लांब. बुडाकडे तिरका काप, शेंड्याकडे सरळ. तिरकं टोक जमिनीत सहज जातं हे एक, आणि उलटी रोवली जात नाही हे महत्त्वाचं. घाईत दर फेरीत काही उलट्या जातातच. कापल्यावर ओल्या गोणपाटात, सावलीत. मग पाण्यात बुडं भिजत ठेवायची, आठवडाभर तरी, दोन आठवडे ठेवल्या तर आणखी चांगलं. सालीवर पांढरे ठिपके उठू लागले की मुळं जागी झाली. ते फुटून बाहेर यायच्या आत लावून मोकळं व्हावं, नाहीतर रोवताना तुटतात.

खोली हा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. फेब्रुवारीत दोन फुटांवर ओल लागते, माणसं तिथवर रोवतात, आणि एप्रिलमध्ये हिरवे कोंब पाहून फोटो काढतात. खणलेल्या नदीच्या काठी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी पार खाली जातं. खुंटीत साठलेल्या अन्नावर फुटलेली पानं जुलैत करपतात आणि दोष उष्णतेला दिला जातो. आधीच्या वर्षी काठावर भोकं पाडलेले पीव्हीसी नळ उभे पुरून दर महिन्याला आतलं पाणी मोजावं. सप्टेंबरात जिथे पाणी लागलं तिथवर खुंटीचं बूड जायला हवं. ते पाच फुटांवर असेल तर दोन फुटी खुंटीचा उपयोग नाही, सहा-सात फुटी वासे लागतील, आणि पहारीऐवजी पाण्याच्या दाबाने भोक पाडणारी लोखंडी नळी. खुंटीचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग जमिनीत, वर दोन-तीन डोळे. भोकात पातळ चिखल ओतून पोकळी बुजवायची, कारण हवेत लोंबणारं मूळ वाळतं.

ठिबक लावून पहिली दोन वर्षं जगवण्याची रीत आहे, आणि कोरड्या वर्षी ती लागतेही. पण रोज थोडं-थोडं पाणी दिलं की मुळं वरच्या वीतभरातच रेंगाळतात. तिसऱ्या वर्षी नळी काढली की झाड मरतं. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, भरपूर आणि खोल पाणी द्यावं आणि ते हळूहळू लांबवत न्यावं.

अंतर कशासाठी लावतोय त्यावर. नुसत्या पुनर्वसनात सहा-दहा फुटांवर एक खुंटी असते. विणकरासाठीच्या ओळी दाट हव्यात, फूट-दीड फुटावर, कारण दाटीत प्रत्येक फुटवा उजेडासाठी वर पळतो आणि बाजूला फांदी काढत नाही. दोन पट्ट्यांमध्ये मात्र पाच फुटांची वाट सोडावी. वयस्क विणकर बाई वाकून, हातात भारा घेऊन बाहेर येऊ शकली पाहिजे. वर कॉटनवुड या उंच झाडाची सावली नको. सावलीतली काडी लांब होते पण लेची असते, आतला गर मोठा. खत घातलेल्या शेताची पाझर येणाऱ्या जागीही तसंच होतं.

लावणीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सगळं बुडातून कापायचं. लोकांचा हात इथे थरथरतो, कारण जगवलेलं झाड कापायचं आणि जगलेल्यांच्या तक्त्यात उंची शून्य लिहायची. पण ही कापणी टाळली तर एका खुंटीची एकच जाड फांदी वर जाते आणि बेट धरत नाही. पहिल्या कापाच्या काड्या टोपलीला फारशा उपयोगाच्या नसतात. खऱ्या काड्या त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून.

कापणी

पानं गळली की सुरुवात, साधारण नोव्हेंबरअखेर. फेब्रुवारी संपायच्या आत संपवायचं, कारण मार्चपासून पक्षी घरटी करू लागतात.

म्हाताऱ्या, सोडून दिलेल्या बेटात हात घालायचा तर एकदम सगळं सपाट करू नये. आधी फक्त वाळकं काढावं. मग बेटाचा एक-तृतीयांश भाग जमिनीलगत कापावा, पुढच्या वर्षी दुसरा, नंतर तिसरा. यामुळे पक्ष्यांना दाट आडोसा कायम राहतो आणि विणकरांना दर हिवाळ्यात ताजा भाग मिळतो. एकदा बेट वळणावर आलं की कापलेला भाग दरवर्षी कापता येतो, पाणी पुरेसं असेल तर. दुष्काळी वर्षानंतर फुटवे कमी आणि बारीक दिसले तर त्या भागाला एक वर्ष सोडावं.

काप जमिनीपासून दोन बोटांच्या आत. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवी. वीतभर खुंट ठेवला तर नवे फुटवे त्या खुंटाच्या कडेने निघतात, आधी बाहेर वाकतात, मग वर वळतात. काडीच्या बुडाला बाक येतो आणि नेमका जाड, उपयोगाचा भाग वाया जातो. शिवाय उंच खुंट सुकतो, त्यात कीड घर करते. कोयत्याने तासलं तर बुंधा चिरतो. फार जाड असेल तर करवत.

कापलेल्याचे चार ढीग करावेत. सरळ एकहंगामी काड्या विणकराच्या. अंगठ्याएवढ्या जाड सरळ फांद्या पुढच्या लावणीच्या खुंट्या. टोपलीला निकामी ठरलेलं हे लाकूड काठ बांधायला उत्तम जातं, म्हणजे विणकराच्या बेटातून पुनर्वसनाला दर हिवाळ्यात फुकट रोपं मिळतात. वाकड्या डहाळ्यांचे भारे घसरत्या काठावर आडवे पुरायला. आणि गाठी असलेलं सगळं जाळायला. ते बेटात पडू दिलं तर वसंतात त्यातूनच माशी उडते आणि कोवळ्या फुटव्यांवर बसते.

काड्यांची निवड तिथेच, बेटाशी. घरी नेऊन निवडायच्या म्हटलं तर निम्मा भारा फुकट वाहिला जातो. जाडीप्रमाणे जुड्या बांधून, बुडं एका बाजूला, सावलीत सपाट ठेवायच्या. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर वाकून सुकतात आणि तो बाक पुन्हा जात नाही. सालासकट वापरायच्या तर हिवाळ्यातली कापणी बरी, साल घट्ट राहते. पांढरी काडी हवी असेल तर वसंताच्या तोंडाशी, रस वर चढू लागतो तेव्हा थोड्या काढाव्यात. तेव्हा साल हाताने सरकते, एका ओढीत पूर्ण निघते. पण त्याच दिवशी सोलली पाहिजे, दोन दिवस गेले की पुन्हा चिकटते आणि चाकूने खरवडावी लागते. सोललेली काडी सहा महिने ते वर्षभर सुकू द्यावी. ओली विणली तर टोपलीत आकसते आणि वीण सैल पडते. वापरायच्या वेळी पुन्हा भिजवायची.

आग

कापणीने फुटवे मिळतात, आगीने त्याखेरीज आणखी काही मिळतं. वाळलेला पालापाचोळा जातो, सुजेतली अळी जळते, राख जमिनीत जाते, कडेचं तण मागे हटतं. म्हणून मूळनिवासी दोन्ही वापरत. अलीकडच्या काळात गार्डनमध्ये विणकरांच्या देखरेखीखाली, विद्यार्थ्यांना सोबत घेऊन छोट्या-छोट्या तुकड्यांत आग पुन्हा आणली गेली आहे. कोकणात राब भाजणाऱ्याला जशी वाऱ्याची आणि दवाची वेळ कळते, तशीच ती इथेही कळावी लागते. वारा अगदी हलका, जमीन ओलसर, भोवती उघड्या मातीचा पट्टा, पाणी हाताशी. ज्वाळा बेटातून पुढे सरकते तेवढ्याने फांद्या मरतात, मुळं जगतात. बुडाशी जाड ओंडके साठलेले असतील तर आग तिथेच धुमसत राहते आणि मुळं शिजतात. म्हणून आधी जाड लाकूड बाहेर काढायचं, मग जाळायचं.

परवानगीचे कागद लागतात. हवेचं नियंत्रण करणाऱ्या योलो-सोलानो जिल्हा यंत्रणेने जाळण्याचा दिवस ठरवलेला असावा लागतो, अग्निशमन दलाला कळवावं लागतं. जबाबदारीची मोठी भीती २०२१च्या एसबी ३३२ कायद्याने कमी केली. आग विझवण्याच्या सरकारी खर्चाची वसुली आता नियमांनी वागणाऱ्या नियोजित आगीच्या जाणकारावर किंवा सांस्कृतिक आग लावणाऱ्यावर येत नाही, घोर निष्काळजीपणा असेल तरच येते. पूर्वी ज्या कामासाठी शिक्षा होती, त्याच कामाच्या जाणकारांना १७१ वर्षांनी कायद्याने नावाने ओळखलं.

आगीचा एक खरा अडसर एल्डरबेरी. त्याच्या खोडात एक दुर्मीळ लांब शिंगांचा भुंगा राहतो, १९८०पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित. एक इंचाहून जाड खोडाची एल्डरबेरी असेल तर तिच्या भोवती कापणी, आग, खणणं सगळ्याला बंधनं येतात. गार्डनमध्ये एल्डरबेरीही हवी आणि वाळुंजही, म्हणून लावणीच्या नकाशातच दोन्ही लांब ठेवणं शहाणपणाचं. एकदा शेजारी वाढली की मग दरवर्षीचं भांडण.

दातांखालची काडी

काठावर दोन आक्रमक परदेशी आहेत. अरुंडो, वेळूसारखा उंच नळ, आणि टॅमरिस्क, आपल्या झाऊचा भाऊबंद. दोन्ही वाळुंजाची जागा आणि पाणी खातात, दोन्ही काढायलाच हवेत. नेहमीची पद्धत कापलेल्या खुंटावर तणनाशक लावण्याची, आणि मोठ्या क्षेत्रावर फवारणीची.

आता विणकराचं काम पाहा. काडी उभी चिरायची तर ती एक टोक दातांत धरते, दोन भाग दोन हातांत, आणि तीन पट्ट्या सारख्या जाडीच्या ओढत नेते. साल सोलताना तोंड, भिजवलेली पट्टी ओली ठेवायला तोंड. तासन्‌तास. फवारलेल्या झाडावर बाहेरून काही दिसत नाही. पानं गळाल्यावर तर काहीच नाही. १९९२मध्ये स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया इंडियन बास्केटवीव्हर्स असोसिएशनने जंगलातल्या आणि रस्त्याकडेच्या फवारणीविरुद्ध आवाज उठवला तो याच कारणाने. पिकावरच्या अवशेषांची मर्यादा ठरवताना खाणाऱ्याचा विचार होतो. काडी दातांत धरणाऱ्याचा विचार करायला या बायकांनी भाग पाडलं.

इथला तोडगा नकाशापासून सुरू होतो. वाळुंजाच्या आणि लव्हाळ्याच्या वेचणीच्या जागा आखून, त्यांच्या भोवती रुंद पट्टा हाताने किंवा यंत्राने साफ करायचा. अरुंडोचे गड्डे खणून काढायचे, किंवा कापून त्यावर जाड काळी ताडपत्री दोन हंगाम पसरायची. त्या पट्ट्याबाहेर रसायन वापरलंच तर तारीख, औषध आणि जागा पाटीवर लिहून ठेवायची, आणि विणकरांना आधी कळवायचं. काम करणारा ठेकेदार दरवर्षी बदलतो, म्हणून हे तोंडी सांगून भागत नाही. कंत्राटातच असलं पाहिजे.

कॅश क्रीकला आणखी एक ओझं आहे, पाऱ्याचं. वरच्या डोंगरातल्या जुन्या पाऱ्याच्या खाणींतून तो गाळाबरोबर आजही उतरतो. वाळुंजाच्या काडीपेक्षा हे लव्हाळ्याच्या मुळांना जास्त लागू, कारण ती गाळातून उकरून काढतात. वाहत्या स्वच्छ पाण्यात नीट धुतल्याशिवाय मूळ तोंडात धरू नये.

पूर, पक्षी आणि तक्ता

पूरनियंत्रणवाल्यांना वाळुंज नको असतो. जाड, ताठ खोडं पाणी अडवतात, कचरा धरतात, पुराची पातळी वर नेतात. म्हणून अधूनमधून यंत्र लावून काठ भुईसपाट केला जातो, कधी ऐन हंगामात. दरवर्षी कापलेला वाळुंज मात्र बोटाएवढ्या लवचीक काड्यांचा असतो. पूर आला की तो आडवा झोपतो, पाणी वरून जातं, मुळं काठ धरून ठेवतात, आणि पाणी ओसरलं की उठतो. म्हणजे विणकराची कापणी आणि पूरवाल्यांची गरज एका दिशेला आहे. यंत्र आणण्याआधी विणकरांना महिनाभर आधी निरोप दिला तर सगळ्यांचं काम होतं.

पक्ष्यांचंही तसंच. लीस्ट बेल्स व्हिरिओ हा छोटा करडा पक्षी माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, कोवळ्या दाट वाळुंजात घरटं करतो. मध्य खोऱ्यातून तो दशकानुदशकं नाहीसा झाला होता. २००५मध्ये सॅन वॉकीन नदीकाठच्या अभयारण्यात, पुन्हा लावलेल्या झाडीत त्याचं घरटं सापडलं. त्याला उंच म्हातारं बेट नको, कोवळ्या आणि दाट बेटांची तुकड्या-तुकड्यांची गोधडी हवी. एक-तृतीयांशाच्या फेऱ्यांनी तीच तयार होते.

पुनर्वसनाच्या करारात देखभालीचे पैसे बहुधा तीन ते पाच वर्षांचे असतात. तेवढ्यात झाडं जगली की फाइल बंद होते. टोपलीचा वाळुंज तेव्हा कुठे कामाला लागलेला असतो, आणि कापणारं कोणी उरत नाही. पाचव्या वर्षी हिरवंगार दिसलेलं बेट दहाव्या वर्षी गाठींनी भरतं. म्हणून कापणी देखभालीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरावी, विणकरांना तिचं मानधन द्यावं, आणि नदीकाठच्या कामासाठी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची १६०२ कलमाखालची परवानगी काढतानाच दरवर्षीची हिवाळी कापणी त्यात लिहून घ्यावी. दर वेळी नवा अर्ज करावा लागला तर दोन हंगामांत उत्साह संपतो.

आणि तक्त्यात एक रकाना वाढवावा. जानेवारीत, कापणीच्या आधी, बेटात पाच ठिकाणी एक-एक चौरस मीटरची चौकट ठेवायची. आत एकहंगामी, बाजूला न फुटलेल्या, गाठ नसलेल्या, कमरेहून उंच काड्या मोजायच्या. शेजारी उंची आणि सावलीचे नेहमीचे आकडेही राहू द्यावेत. मोजणी मात्र विणकरानेच करायची, कारण कोणती काडी सरळ म्हणायची हे फूटपट्टीवर ठरत नाही, ती वाकवून पाहावी लागते.